गवत पाळणारी बाई

मागच्या महिन्यात एका कॉलेजातून फोन आला. करिअर मार्गदर्शन शिबिर आहे, तुम्ही या विषयातल्या आपल्या भागातल्या जुन्या, तेव्हा ‘पर्यावरण शिक्षणातील व्यवसायसंधी आणि पुढच्या दिशा’ यावर तासभर बोला. पोरगी गोड बोलत होती. मी तिला म्हटलं, तासभर कशाला, मला दोन मिनिटं पुरतील. तिला तो विनोद वाटला. मी तब्येतीचं कारण पुढं केलं, नाही म्हटलं आणि फोन ठेवल्यावर दुपारभर चरफडत बसले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण शिबिरात बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते.

आमच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्र हा विषय नवा होता तेव्हा मी तिथं एम.एस्सी.ला गेले. वर्गात मुली आम्ही दोघीच. ती नामांतराची वर्षं. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या जिल्ह्यातही घरं जळाली होती, माणसं गेली होती, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं विद्यापीठाचं नाव काय असावं यावरून आज बंद, उद्या मोर्चा, परवा एस.टी. बंद, असं चालू राहिलं. आमच्या परीक्षा पुढं पुढं जात राहिल्या. मी ज्या घरातली होते त्या घरात या विषयावर मोठ्यानं बोलत नसत. मीही बोलले नाही. हे काही मी अभिमानानं सांगत नाही.

शेवटच्या वर्षी आमचे एक सर म्हणाले होते, पुढची वीस वर्षं तुमच्या विषयाची आहेत, नोकऱ्या तुम्हाला शोधत येतील. आल्याही असतील, पण त्यांना परभणीचा पत्ता सापडला नसावा.

घरी वडील आणि मी. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. वडिलांना मी आण्णा म्हणायची. ते तहसिलीत कारकून होते, निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले, आणि अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कुणी नव्हता. निवृत्त झाल्यावरही लोक कागद घेऊन यायचे. माझे सगळे अर्ज त्यांनीच लिहिले. खाली सही तेवढी माझी.

अर्ज उत्तम, नोकरी नाही. ज्युनियर कॉलेजांना वनस्पतिशास्त्र पाहिजे होतं. प्रदूषण मंडळाला इंजिनियर पाहिजे होते. कृषी विद्यापीठाला शेतीची पदवी पाहिजे होती. सामाजिक वनीकरणवाल्यांनी विचारलं, मोटारसायकल चालवता येते का. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन महिने नोकरी केली. तिथं सांडपाण्याचा नमुना नाल्यातून न घेता कँटीनच्या नळातून घ्यायची पद्धत होती. मी नाल्यातून घेतला, म्हणून तिसरा महिना उजाडला नाही. बी.एड. करावं म्हटलं तर तिथले प्राचार्य सज्जनपणे म्हणाले की पर्यावरण हा शाळेचा विषयच नाही, मग तुम्हाला अध्यापनाचा विषय कोणता देऊ? म्हणजे शाळेत विषय नाही म्हणून बी.एड. नाही, बी.एड. नाही म्हणून शाळेत नोकरी नाही, आणि शिकवणारं कुणी नाही म्हणून शाळेत विषय नाही. या घाण्याभोवती मी पाच वर्षं फिरले. लग्नाचं नोकरी लागल्यावर बघू म्हणत होते. ते राहिलं ते राहिलंच.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडं दिल्लीचं नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात पर्यावरणाचं नाव आलं, आणि पुण्याच्या एका संस्थेनं सरकारी मदतीतून तीन वर्षांचा प्रकल्प काढला. आमच्या जिल्ह्याला एक शिक्षिका हवी होती. मला घेतलं. तात्पुरती नेमणूक, पण आदेशात एक वाक्य होतं, आणि आण्णांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती: प्रकल्प यशस्वी ठरल्यास प्रत्येक जिल्ह्यात या कामासाठी कायम पद निर्माण करण्याचा शासन विचार करील. आण्णा म्हणाले, ‘‘‘विचार करील’ म्हणलंय. न्हाई म्हणलेलं न्हाई.’’ तिसरं वर्ष संपेल त्या जूनमध्ये मी सरकारी नोकरीच्या वयाच्या अटीबाहेर जाणार होते. म्हणजे हे पद निघालं तर निघालं. नाहीतर माझ्या शिक्षणाचं कागदाखेरीज काही उरणार नव्हतं.

*

पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका गावात मला मनासारखी शाळा मिळाली. गावाचं नाव लिहीत नाही. मुख्याध्यापक पन्नाशीचे, शेतकरी घरातले, टोपी घालणारे, कुणाला ‘अरे’ न म्हणणारे. शाळेमागं एक पडीक कोपरा होता. हरळी, आघाडा, टाकळा, तरवड, दोन रुईची झुडपं, एक बाभूळ आणि एक जुनं वारूळ. मी त्यांना म्हटलं, मला हा कोपरा द्या. इथं दीड-दोन वर्षं कुणी विळा लावायचा नाही, ढोरं सोडायची नाहीत, काडी उचलायची नाही. पोरं फक्त बघतील आणि लिहितील.

‘‘गवताचं काय शिकवायचंय बाई त्येच्यात?’’ ते म्हणाले. ‘‘गवत तर पोरं जन्मल्यापासून बघायलेत.’’

मी म्हटलं, बघतात, पण लिहीत नाहीत. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि कोपरा दिला. भोवती बोरीच्या काट्या लावल्या. आत खुंट्या ठोकून, सूत बांधून चौकोन पाडले. एकेका चौकोनाला दोन दोन मुलं, आणि जोड्या मी चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. याचं कारण होतं. त्या गावात अठ्ठ्याहत्तरला काही जळालं नव्हतं, पण दलित वस्तीनं तेव्हापासून गावकीची कामं सोडली होती. हलगी वाजवणं नाही, गाव झाडणं नाही, मेलेलं ढोर ओढणं नाही. बरोबरच केलं होतं. त्यावर मोठ्या गावानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. दहा-बारा वर्षं दोन्हीकडं हेच चालू होतं. शाळेत मुलंही आपोआप दोन बाजूंना बसत. चिठ्ठ्यांमुळं चौकोनात ती एकत्र आली. दोनचार पालक मुख्याध्यापकांकडं कुरकुरत आले. ते म्हणाले, चिठ्ठीला जात कळंना, मी काय करू.

गाव माझी चेष्टा करायचं. एस.टी.तून उतरले की पारावरचं कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘‘बाईनं गवत पाळलंय. दूध कवा देतंय?’’ मीही सांगायची, अजून गाभण आहे. मला तिथं जायला आवडायचं. हे एवढं एक वाक्य मला निर्मळपणे लिहिता येतं.

मुलांच्या वह्या म्हणजे माझी खरी कमाई. चिखलाचे बोटांचे ठसे, चिकटवलेली पिसं, वाळलेली पानं. अक्षर म्हणाल तर मुंग्यांनीच काढलेलं. एकीनं लिहिलं होतं, ‘रुईवरच्या आळीनं समदं पान खाल्लं. पान लय कडू हाय म्हनतेत. आळीला कळंना.’ एकानं लिहिलं, ‘मुंग्या अंडी घिऊन वर गेल्या. पाऊस यनार. पाऊस आला न्हाई. मुंग्याबी फसल्या.’ हे मी पुण्याच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा लोक ऐकतच राहिले. संस्थेच्या प्रमुख बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिसऱ्या वर्षी मूल्यमापन समिती तुझ्या जिल्ह्यात तुझ्याच शाळेत येईल. त्यांना फक्त तो कोपरा आणि त्या वह्या दाखव. पद निघालंच म्हणून समज.

मी आण्णांना हे सांगितलं. त्यांनी त्या दिवशी बाजारातून अर्धा किलो पेढे आणले आणि मी रागावले. अजून काहीच झालेलं नाही म्हटलं. ते म्हणाले, बातमी गोड हाय की नाही? पेढे चांगले होते. पण मला आत कुठंतरी धास्ती वाटत होती.

*

समिती माघात येणार होती. त्याआधी आठ दिवस संस्थेनं मला परभणीतच बसवून ठेवलं, तक्ते करा, अहवाल करा म्हणून. निघताना मी मुख्याध्यापकांना सांगून आले होते की पाहुणे जीपमधून उतरले की आधी थेट कोपऱ्यात येतील, सगळा वेळ तिथंच जाईल, बसणंउठणं तिथंच होईल. एवढंच सांगितलं. आणखी काय सांगायचं असतं? ज्या माणसानं दीड वर्षं त्या काट्या माझ्यापेक्षा जास्त सांभाळल्या, त्याला ‘हात लावू नका’ हे पुन्हा काय सांगायचं?

पण मी हे विसरले की पाहुणे जिथं बसणार ती जागा आधी झाडायची, सारवायची असते. हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पाहुण्यांना गवतात बसवलं तर गावाचं नाक जातं. मी त्याच मुलखातली, मला हे कळायला पाहिजे होतं. पण मी विषयाची पदवीधर होते ना.

समितीच्या जीपमधूनच मी गावात शिरले. वेशीला आंब्याच्या टहाळ्यांचं तोरण. रस्ता झाडलेला, सडा घातलेला. शाळेच्या मुलांचं लेझीम. मुख्याध्यापक पुढं आले तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला होता. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘बाई, तीन दिस आख्खं गाव राबलंय. वस्तीवरले बी आले. कुणी बोलवलं न्हाई, पोरांनीच घरी जाऊन सांगितलं, आपल्या बाईचे पाव्हणे यायलेत. सरपंचाच्या हातात खराटा होता आणि वस्तीवरला म्हातारा शेजारी पाटी घेऊन. बारा वर्सात मी हे बघितलं न्हवतं.’’

मी त्यांच्या मागं मागं शाळेच्या पाठीमागं गेले.

कोपरा नव्हता. काट्या काढलेल्या. गवत पेटवून, राख उचलून जमीन चोपलेली, शेणानं सारवलेली. वारूळ खणून सपाट केलं होतं, कारण एखादा नाग निघून पाहुण्यांच्या पायाला डसला तर? रुई उपटली होती. बाभळीच्या खालच्या फांद्या छाटून खोडाला चुना आणि गेरू लावला होता. वर कापडी मांडव, खाली खुर्च्या, मध्ये रांगोळीचा मोर. माझ्या चौकोनांच्या खुंट्यांना चुना फासून खुर्च्यांकडं जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही कडांना ओळीनं ठोकलं होतं. वाट खरोखरच सुरेख दिसत होती.

मी बाभळीला हात लावला आणि हाताला ओला चुना लागला.

समितीचे अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते, चांगले होते. मांडवाखाली बसून त्यांनी चहा घेतला आणि मला विचारलं, तो तुमचा निरीक्षणाचा कोपरा कुठं आहे?

समोर जाजमावर सरपंच बसला होता आणि त्याच जाजमावर, त्याच्या मांडीला मांडी लावून नव्हे पण हातभर अंतरावर, वस्तीवरला तो म्हातारा. एकाच तांब्यातलं पाणी पुढं सरकत होतं. तांब्या म्हाताऱ्याकडून सरपंचाकडं गेला, आणि सरपंचानं तो घेतला. सगळं गाव ते बघत होतं आणि बघत नाही असं दाखवत होतं. मुख्याध्यापक माझ्याकडं बघत हसत होते.

‘‘हाच,’’ मी म्हणाले.

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. ‘‘छान ठेवलाय,’’ ते म्हणाले.

मग वह्या आल्या. कोऱ्या करकरीत, निळ्या शाईच्या. जुन्या वह्या घाण झाल्या होत्या, पाहुण्यांच्या हातात कशा द्यायच्या, म्हणून मुख्याध्यापकांनी फळ्यावर मजकूर लिहून सगळ्यांकडून नव्या उतरवून घेतल्या होत्या. आणि जुन्या, सगळा कचरा पेटवला त्यातच गेल्या. अध्यक्षांनी तीनचार वह्या उघडल्या. सगळ्यांत एकच: पर्यावरण म्हणजे आपल्या सभोवतालचा परिसर. परिसर स्वच्छ ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. त्यांनी मुलांना विचारलं, इथं तुम्ही काय शिकता? मुलांनी एका सुरात तेच म्हणून दाखवलं. चुकलं कुणी नाही.

मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. अहो, तुम्ही जिथं बसलात तिथं दीड वर्ष एक जग होतं, असं. मला तोंड नव्हतं का? एरवी मी कारखान्याच्या मॅनेजरशी भांडलेली बाई. पण त्या तांब्यासमोर मला बोलता आलं नाही. आणि ते चांगुलपण होतं असंही मी आज म्हणत नाही. त्यात निम्मी भीतीच होती. सगळं गाव माझ्यासाठी राबलं होतं आणि त्यांनी माझं वाटोळं केलं हे त्यांच्या तोंडावर सांगण्याची माझी छाती झाली नाही.

*

समितीचा अभिप्राय वैशाखात आला. गावाचं कौतुक पानभर होतं. शेवटी लिहिलं होतं की येथील ग्रामस्थांमध्ये स्वच्छतेची व एकोप्याची इतकी जाणीव आढळली की असे काम गावपातळीवर सध्याच्या शिक्षकांकडूनच होऊ शकते. सबब जिल्ह्यासाठी स्वतंत्र पदाची आवश्यकता दिसून येत नाही.

आण्णांनी तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला. जूनला महिनाभर होता. मी म्हटलं, फेरविचाराचा अर्ज करू. त्यांनी लेखणी-दौत काढली, ते अजूनही दौतीनंच लिहायचे, आणि मला विचारलं, काय लिहायचं?

‘‘खरं लिहा,’’ मी म्हटलं.

ते म्हणाले, ‘‘बरं लिहिता येतंय. समितीला येळ कमी मिळाला, रुतू बरोबर न्हवता, पुन्हा पाहणी व्हावी. खरं लिहिलं की त्येच्यात माणसं येतेत. आणि अर्ज येकदा टपालात पडला की तो आपला राहत न्हाई, बाई. मी चाळीस वर्सं बघितलंय.’’

मला राग आला. त्यांच्यावर, त्यांच्या चाळीस वर्षांवर, चाळीस वर्षांत एकाही साहेबाला खरं न सांगितलेल्या त्यांच्या त्या सुरेख अक्षरावर. मी म्हटलं, आण्णा, बरं लिहून लिहूनच मी इथवर आले. मग त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं: की निरीक्षणक्षेत्र समिती येण्यापूर्वी जाळून नष्ट करण्यात आलं, की मूळ वह्याही जाळण्यात आल्या, की समितीस दाखवलेल्या वह्या फळ्यावरून उतरवून घेण्यात आलेल्या होत्या. ‘करण्यात आलं’ असं लिहिलं म्हणून त्यात माणसं नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. सही केली. टपालपेटीपर्यंत मीच चालत गेले.

ना गावात गेले, ना मुख्याध्यापकांना भेटले. भेटून काय सांगणार होते?

जून आला आणि गेला. वयाची अट गेली. भाद्रपदात एक पोस्टकार्ड आलं, आपल्या अर्जावरून चौकशी सुरू करण्यात आली आहे. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. काहीतरी हललं म्हणून झाला. चौकशी सुरू असताना अट शिथिल होऊ शकते, असं आण्णाच म्हणाले होते. त्यानंतर मी अडीच वर्षं रोज टपालाची वाट पाहिली. त्या अडीच वर्षांत दिल्लीच्या कोर्टानं हा विषय शाळांना सक्तीचा करा असं सांगितलं, पुस्तकं आली, तास आले, आणि ते तास ज्याला दुसरा तास नाही त्याला मिळाले. कुठं कवायतीच्या सरांना, कुठं शिवणाच्या बाईंना. माझ्या हातून लिहून झालेले अर्ज मी मोजायचं सोडलं. आण्णांचा हात थरथरू लागला होता, पण अर्ज तेच लिहीत. एकदा रात्रीचं जेवण होऊन गेल्यावर ते आपणहून म्हणाले, माझंच चुकलं, पोरीला कुठल्या विषयाला घातलं. मी ताटं उचलून आत गेले आणि मोरीत बसून रडले. मला मनापासून आवडलेली हा विषय एवढी एकच गोष्ट होती आणि तीही त्यांना चूक वाटायला लागली होती.

आण्णा त्र्याण्णवच्या पावसाळ्यात गेले. मी मानवतला एका शिकवणी वर्गात आठवड्यातून तीन दिवस विज्ञान शिकवायला जाऊ लागले.

*

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला तो संक्रांतीचा दिवस. त्यानंतरच्या दोनचार दिवसांतली गोष्ट. मी मानवतला जायला परभणीच्या स्टँडवर गेले तर गाड्या बंद. कुठं दगडफेक झाली म्हणत, कुठं होणार म्हणत. लोक बाकांवर अडकून बसले होते. त्यातच एका बाकावर मुख्याध्यापक होते. टोपी तीच, माणूस निम्मा झाला होता.

मला पळून जावंसं वाटलं. त्यांनीच हात केला आणि बाकावर जागा करून दिली.

बोलता बोलता सगळं कळलं. चौकशीला आलेल्या साहेबानं गावात बसून एकच विचारलं होतं: जाळलं कुणी? नाव सांगा. मोठ्या गावानं सांगितलं, वस्तीवरल्यांनी पेटवलं. वस्तीनं सांगितलं, आम्हाला बोलवून घेतलं आणि आता आमच्यावर ढकलतायत. दोन्हीकडच्या सह्या-अंगठे झाले. ज्यांनी तीन दिवस एकत्र झाडलं होतं ते दोन वेगळ्या टेबलांपुढं उभे राहिले. तेव्हापासून गाव पुन्हा पहिल्यासारखं, उलट जास्तच. हे ते अशा आवाजात सांगत होते की जणू पीक कसं गेलं ते सांगतायत.

‘‘मग मीच लिहून दिलं,’’ ते म्हणाले. ‘‘काडी मी लावली. वह्याबी मीच. गावाचा संबंध न्हाई. तवा कुठं साहेब गेला. माझी बदली केली सेनगावच्या पार तिकडं. आता रिटायरच व्हायलोय मार्चात.’’

त्यांना अर्ज दाखवला होता का, हे मला विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

‘‘अर्ज बघितला मी तुमचा. वडलांचं अक्षर लय देखणं. तुमी खोटं काय लिहिलं न्हवतं.’’ मग माझ्याकडं न बघता, ‘‘फक्त, टपालात टाकायच्या आधी येकदा शाळेत आला असतात तर बरं झालं असतं.’’

मी मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांना ती नको होती. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं, आणि ते विचारायला ते थोडे संकोचत होते.

‘‘त्या जबाबात मी शेवटाला येक वळ लिहिली होती,’’ ते म्हणाले. ‘‘साहेब म्हणला, हे हितं लिहायचं नसतंय. मी म्हणलं, असू द्या. लिहिलं होतं, चूक माझी हाय, मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पर बाईची जागा तेवढी काढावी. काढली का त्येंनी?’’

त्यांचा चेहरा अगदी तसा होता जसा त्या दिवशी वेशीवर होता. मी कितीतरी गोष्टींना त्या क्षणी नाही म्हणू शकले असते, या एका प्रश्नाला म्हणता आलं नाही.

‘‘काढली,’’ मी म्हणाले.

‘‘कुठं?’’

तोंडात आलं ते सांगितलं. ‘‘किनवटला. नांदेड जिल्ह्यात.’’

ते सरसावून बसले. त्यांचं लग्न झालं तेव्हा दोन वर्षं ते किनवटला खाजगी शाळेवर होते. जंगलाचा मुलूख हाय बाई, तुमच्याच कामाचा, असं म्हणत त्यांनी मला सांगायला सुरुवात केली. मांडवीला सकाळची गाडी कुठून मिळते, पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यायचं कारण हिवताप लय, सागवानाची जाळी पडलेली पानं पोरांना दाखवा, घर स्टेशनच्या अंगाला घ्या, बाजार कोणत्या वारी असतो. मधेच ते थांबले आणि म्हणाले, लिहून घ्या की, ध्यानात राहणार न्हाई.

मी पर्समधून वही काढली आणि गाड्या सुरू होईपर्यंत ते सांगत गेले तसं सगळं लिहून घेतलं.